उलट निरोपाचे कप्तान

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची एवढी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. आमचे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा, मालवाहू जहाजांवर कप्तान होते. जन्म मूर्तिजापूरकडचा, पोहायला शिकले विहिरीत, आणि नोकरीची सगळी वर्षं काढली खाऱ्या पाण्यावर. निवृत्त झाल्यावर ते मुंबईत समुद्र दिसेल अशी जागा घेतील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मामांनी अकोल्यात गोरक्षण रोडला घर बांधलं. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "इथं कुलूप गंजत नाई." मे महिन्यात अख्खं अकोला ओले टॉवेल डोक्यावर घेऊन फिरत असे तेव्हा मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात उभे राहत आणि हवा कशी मस्त कोरडी आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. येणारेजाणारे लवकर निघून जात.

मामांचं जगाबद्दल एकच मत होतं, पण ते पक्कं होतं. ज्यानं खबर दिली त्याला उलट खबर मिळाली पाहिजे. माणसं भांडतात, लग्नं मोडतात, जहाजं बुडतात, ती सगळी एकाच कारणानं, असं ते म्हणत. "सांगणारा सांगून मोकळा होते, ऐकणारा ऐकून चूप बसते. बिघडलं कुठं मंग? इथंच बिघडलं." जहाजावर असताना वाटेत काही वावगं दिसलं, उगाच मागेमागे येणारी नाव असो की पाण्यावर तरंगणारं धूड, तर ते सरकारच्या समुद्री माहिती कक्षाला कळवायची पद्धत होती. मामा इमानदारीनं कळवत. तिकडून उत्तर येई, 'निरोप मिळाला.' बस. ते धूड काय होतं, ती नाव कोणाची होती, पुढे काय झालं, हे कधी कळत नसे. "इहिरीत गोटा टाकला तर आवाज तरी येते," मामा म्हणत, "यायच्यात गोटा टाकला तर तोबी येत नाई."

निवृत्तीनंतर या तत्त्वाचा प्रयोग करायला मामांजवळ जहाज उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी नातेवाइकांवर सुरू केला. माझा अमरावतीला छापखाना आहे आणि लग्नपत्रिकांच्या कामानं मला अकोल्याला वरचेवर जावं लागतं. मामांचा नियम असा की बडनेरा सोडलं की कळवायचं, मूर्तिजापूर आलं की कळवायचं, बोरगाव मंजू आलं की कळवायचं. आधी मला हा छळ वाटायचा. पण मामांचं उत्तर हमखास यायचं, आणि ते नुसतं 'बरं' नसायचं. एकदा मूर्तिजापूरहून मी 'सगळे ठीक' असं कळवलं तर उलट निरोप आला, 'बोरगावच्या अलीकडे संत्र्याचा ट्रक आडवा पडला आहे. डावीकडून काढा. रस्त्यावरची संत्री उचलू नका.' आम्ही पोचलो तर खरंच ट्रक आडवा, खरंच वाट डावीकडून, आणि आमच्या आधी त्याच रस्त्यानं गेलेले माझे मेहुणे बाजूला उभे राहून पिशवीत संत्री भरत होते. खबर त्यांनीच मामांना दिली होती. उपदेश कोणासाठी होता तेही तिथंच कळलं. आणि एकदा एसटीत माझा डोळा लागला, बोरगाव मंजूहून निरोप द्यायचा राहिला, तर अकोल्याच्या स्टँडवर उतरताना ध्वनिक्षेपकावर ऐकू आलं, "अमरावतीहून येणारे छापखानेवाले जावई जिथे असतील तिथून त्यांनी मामांना फोन करावा." बसमधले सगळे प्रवासी माझ्याकडे बघत उतरले.

घरातही तेच. सांगितलेलं काम ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं, ही जहाजावरची शिस्त त्यांनी स्वयंपाकघरात नेली. मामी चांदूर रेल्वे या गावच्या. त्यांच्या माहेरची माणसं रेल्वेगाडीलाही मान वर करून बघत नाहीत, मग कप्तानाचं काय घेऊन बसलात.

"वांग्याची भाजी, मीठ कमी, तेल कमी," मामा म्हणत. "काय सांगतलं मी?"

"काई का सांगतलं असंन," मामी म्हणत. "जे पानात पडन ते खा."

यावर मामा समाधानानं मान हलवत. त्यांच्या हिशेबात उत्तर मिळालेलं असे.

पण त्यांच्या तत्त्वाची खरी ताकद मला दिसली ती नळावरून. त्यांच्या कॉलनीला पाणी कधी येणार हे देवालाही माहीत नसे. व्हॉल्व्ह सोडणारा गडी येई, चावी फिरवी आणि कोणी विचारायच्या आत सायकलवर टांग टाकून निघून जाई. लोक त्याला शिव्या देत, तो लोकांना. मामांनी त्याला एक शब्द विचारला नाही. ते रोज सकाळी कॉलनीभर फिरले, पाइप कुठे गळतो, कुठे कोणी चोरून मोटर लावली आहे ते बघितलं आणि त्याला गाठून सगळं सांगितलं. तो गडी चकित झाला. साहेबाची बोलणी तो त्या गळतीपायीच खात होता. दुसऱ्या खेपेला तो आपण होऊन फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "काका, परवा सकाऊन सोडून राह्यलो. भरून घेजा." मामांनी ते घरोघर सांगितलं. तेव्हापासून त्या कॉलनीत पाण्याची वेळ आधी कळू लागली आणि गळती त्याच दिवशी बंद होऊ लागली. "आधी आपण द्यायचं," मामा मला म्हणाले. "मांगायचं नाई. देल्लं की समोरच्याची मूठ आपोआप उघडते."

हे सगळं कौतुकानं सांगण्याजोगं होतं, पण घरगुती होतं. मग तो उन्हाळा आला.

मामांचे एक जिवलग मित्र म्हणजे सलीमभाई गादीवाले. ओळख झाली ती भांडणातून. मामांना जहाजावरच्यासारखी पातळ आणि कडक गादी हवी होती, आणि आपल्या हातून अशी गादी बाहेर जाणं सलीमभाईंना कापसाचा अपमान वाटत होता. शेवटी गादी मामांच्या मनासारखी झाली आणि दोस्ती सलीमभाईंच्या मनासारखी. त्यांचा मुलगा इम्रान मामांकडे बसून समुद्राच्या गोष्टी ऐकायचा. मामांनीच त्याला वाट दाखवली, परीक्षा सांगितल्या, आणि तो मोठा होऊन जहाजावर इंजिनियर झाला. त्या उन्हाळ्यात त्याचं जहाज लाल समुद्राकडे निघालं होतं. तिकडे मालवाहू जहाजांवर हल्ले होत होते, त्यामुळे सलीमभाई दुकानात बसून मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघत असत. एक दिवस तो ठिपका नाहीसा झाला. मामांनी समजावलं की धोक्याच्या पाण्यात कप्तान मुद्दाम आपला ठावठिकाणा लपवतात, घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बातमी आली की त्या भागात एका जहाजावर हल्ला झाला आहे आणि त्यावर भारतीय खलाशी आहेत. जहाजाचं नाव कोणी सांगत नव्हतं.

मी त्या दुपारी पत्रिका पोचवायला अकोल्यात होतो आणि मामांकडे जेवायला बसलो होतो. सलीमभाई आणि त्यांची बायको जमीलाभाभी दारात उभे राहिले. भाभी बोलल्या.

"भाईजान, तुमीच पाठवलं होतं न त्याले."

मामांनी हातातला घास परत पानात ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते उठले, हात धुतला, भाभींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "हो भाभी. मीच पाठवलं. आता मीच शोधतो."

सलीमभाईंनी सकाळपासून कंपनीला फोन केले होते. कंपनी म्हणत होती, सुरक्षेचं कारण आहे, सरकारला विचारा. सरकारी कक्ष म्हणत होता, जहाज कंपनीचं आहे, त्यांना विचारा. मामांनी आधी कक्षाला फोन लावला, मग कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला लावला, आणि दोन्ही फोन एकत्र जोडून मोबाइल जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. कक्षातून एक अधिकारी आणि कंपनीतून एक बाई, दोघंही 'हॅलो, कोण?' करत होती. मामांनी स्वतःची ओळख दिली, कप्तान म्हणून किती काळ याच कक्षाला निरोप पाठवले ते सांगितलं, आणि म्हणाले, "मी काही विचारत नाही. मला माहीत आहे ते मी आधी सांगतो." त्यांनी इम्रानचं जहाज, ते शेवटचं कुठे दिसलं, कुठे निघालं होतं, सगळं सावकाश सांगितलं आणि अधिकाऱ्याला परत म्हणायला लावलं. तो बिचारा शाळेतल्या मुलासारखा म्हणाला. मग मामांनी बाईंना विचारलं, "ताई, आता तुमच्याजवळ काय आहे?"

बाई घुटमळल्या. म्हणाल्या, असं सांगता येत नाही. मामा म्हणाले, "ताई, इथं एक आई बसली आहे." मग बाईंनी सांगितलं की काल जहाजावरून जनरेटर बिघडल्याचा निरोप आला होता आणि त्यानंतर जहाज गप्प झालं. अधिकारी एकदम म्हणाला, "हे आम्हाला का नाही कळवलं?" बाई म्हणाल्या, "बिघाड कळवला की पुढच्या बंदरात आमचंच जहाज अडकवतात म्हणून."

"भांडण मंग करू," मामा म्हणाले. "साहेब, आता तुमची पाळी."

अधिकाऱ्यानं आवाज खाली आणला. ज्या जहाजावर हल्ला झाला ते जहाज हे नव्हे, एवढं तो खात्रीनं सांगू शकत होता. सलीमभाई टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले. पण अधिकारी पुढे म्हणाला की सकाळी दुसऱ्या एका मालवाहू जहाजानं कळवलं आहे, एका बेटाच्या आडोशाला एक जहाज अंधार करून उभं आहे, हाकेला ओ देत नाही. त्याचं धुराडं अर्धं हिरवं आणि अर्धं निळं आहे. असं धुराडं कोणत्याच कंपनीचं नसतं, म्हणून कक्षानं ते संशयित धरलं होतं, आणि आपलं एक लढाऊ जहाज तिकडे निघालं होतं. मामांनी बाईंना धुराड्याचा रंग विचारला. बाईंनी कागद पाहून सांगितलं, "निळं. आमची सगळी निळी आहेत."

इतका वेळ भाभी पदराचं टोक पिळत ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हिरवा रंग तर इम्रानचे लोक लावूनच राहिले होते."

त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. चार दिवसांमागचा फोटो होता. इम्रान हसत उभा होता, अंगावर रंगाचे शिंतोडे, आणि मागे अर्धं हिरवं झालेलं धुराडं. जहाज चालवणारी कंपनी तीच होती, पण जहाज नुकतंच दुसऱ्या मालकाकडे गेलं होतं आणि नव्या मालकाचा रंग हिरवा होता. रंग बदलल्याचं मुंबईच्या त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. ते अकोल्यात, एका गादीवाल्याच्या घरात पोचलं होतं. फोटो तिकडे पाठवला गेला. अधिकारी म्हणाला, "थांबा." आम्ही थांबलो. मामी कोणाला न विचारता चहा करून गेल्या, तो कोणी प्यायला नाही. मामा टेबलाशी ताठ बसले होते आणि त्यांचा हात भाभींच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

ऊन अंगणातून कुंपणाकडे सरकलं तेव्हा फोन आला. लढाऊ जहाजाला आधीच कळवलं होतं की समोर शत्रू नाही, आपलाच अडकलेला माणूस आहे. त्यांनी जवळ जाऊन खात्री केली होती. वीज गेल्यामुळे जहाजाचे दिवे आणि बोलायची सगळी यंत्रं बंद पडली होती, पण माणसं सगळी सुखरूप होती. अधिकारी म्हणाला, "कप्तानसाहेब, तुम्ही सांगितलं नसतं तर आमचे लोक त्याच्याजवळ वेगळ्या तयारीनं गेले असते." भाभींनी तोंडावर पदर घेतला आणि रडू लागल्या. सलीमभाईंनी मामांना मिठी मारली. मामांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जवाई, घरच्याइले कोनी इचारतच नाई. पाह्यलं न?" मग त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

तो अधिकारी गुणी निघाला. काही महिन्यांनी सरकारनं जहाज कंपन्यांना मुंबईत चर्चेला बोलावलं तेव्हा त्यानं मामांनाही बोलावणं धाडलं. मामींनी हुकूम सोडला की त्यांच्यासोबत मी जावं, कारण मामा तिथं काय बोलतील याचा नेम नाही. मी गेलो. लांबलचक टेबल होतं. एका बाजूला सरकारी माणसं, दुसऱ्या बाजूला कंपन्यांची, आणि दोन्ही बाजू लग्न मोडायला बसल्यासारख्या. मामांनी आपला कप उचलला, सरकारी बाजूला दोन अधिकाऱ्यांच्या मध्ये जाऊन बसले आणि समोरच्या एका कंपनीवाल्याला म्हणाले, "इकडे या, इकून हवा चांगली लागते." तो आला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. हवा सगळीकडे सारखीच होती.

बोलणं सुरू झालं तेव्हा कंपन्या म्हणाल्या की आम्ही कळवतो आणि तुम्ही गप्प बसता. सरकार म्हणालं की तुम्ही लपवता आणि उशिरा कळवता. मामांनी उभं राहून अकोल्याच्या नळाची गोष्ट सांगितली. हिंदी त्यांची वऱ्हाडीच होती, पण सगळे ऐकत राहिले. मग म्हणाले की निरोप देणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याच दिवशी उलट निरोप गेला पाहिजे, त्यानं पाहिलं ते काय निघालं हे सांगणारा. बिघाड कळवणाऱ्याला त्याच कळवण्यावरून धरू नका. आणि कक्षात सरकारी माणसांच्या शेजारी जहाजावर काम केलेला एक माणूस बसू द्या, म्हणजे अर्धं हिरवं धुराडं बघून तो घाबरणार नाही, हसेल. एक मोठे साहेब म्हणाले, "गुप्ततेचा प्रश्न येतो." मामा म्हणाले, "ठेवा ना गुप्त. तुम्हाला कसं कळलं ते गुप्त ठेवा. धोका कुठं आहे ते नका ठेवू." त्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मग पुष्कळ वेळ लिहून घेतलं.

सगळं मान्य झालं नाही. बिघाडाच्या मुद्द्यावर अभ्यास करू म्हणाले, तो अजून चालू असावा. पण कक्षात एक निवृत्त जहाजी बसू लागला, आणि उलट निरोप सुरू झाले. इम्रान सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आल्याआल्या तेच सांगितलं. "मामू, आमी एक नाव दिसली म्हणून कळवलं, तर सांजच्याले जवाब आला. मच्छीमार हायेत, वारं पडलं म्हणून थांबले, असा." मामांनी त्याला दोनदा सांगायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखा आनंद होता.

मुंबईहून परतताना रेल्वेत मी त्यांना विचारलं होतं की या एका गोष्टीचा एवढा ध्यास कशानं लागला. मामांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले की कप्तान झाल्यावर पहिल्याच सफरीत त्यांना एक उलटी पडलेली नाव दिसली होती. आजूबाजूला चपला तरंगत होत्या. एक लहान मापाची होती. त्यांनी जहाज थांबवलं, सूर्य बुडेपर्यंत घिरट्या घातल्या, कोणी सापडलं नाही. कक्षाला कळवलं. उत्तर आलं, निरोप मिळाला. "त्या माणसाइले आधीच कोनी उचललं होतं का, का बुडाले, मले आजपावतो मालूम नाई, जवाई. दोन्हीतलं काईबी असतं तरी चाललं असतं. पण मालूम पाह्यजे होतं."

मी त्यांना न सांगता त्या अधिकाऱ्याला लिहिलं. त्यानं मनापासून शोध घेतला असावा, कारण उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. तेवढ्या जुन्या नोंदी आता कुठेच नाहीत, त्या नावेचं काय झालं हे कळू शकत नाही, आणि याचं मला दुःख आहे, असं त्यानं कळवलं होतं. ते मामांना दाखवावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी अकोल्याला गेलो आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. आतून मामींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मालूम नाई म्हणते," मामा म्हणाले.

"हो मामा. मला वाटलं, काहीतरी हाती लागेल."

"लागलं न," ते म्हणाले. "मालूम नाई, हाबी जवाबच हाये. कोनी तरी पाह्यलं त्याच्यासाठी."

त्यांनी मोबाइल मला परत दिला, पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला, आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. उन्हं उतरत होती. मी जरा वेळानं त्यांच्याजवळ गेलो, तर ते सरकले आणि आपल्या शेजारी मला जागा करून दिली.